भूपट्ट सांरचनिकी

पृथ्वीचे बाह्य कठीण आवरण, म्हणजे शिलावरण, अखंड नसून लहानमोठ्या पट्टांचे बनलेले आहे, हे पट्ट परस्परांच्या सापेक्ष सावकाश सरकतात आणि बहुतेक भूकंप, ज्वालामुखी व पर्वत त्यांच्या सीमांलगत उद्‌भवतात, असे प्रतिपादन करणारा सिद्धांत. पट्टांची जाडी सरासरीने सु. १०० किमी. असून ते प्रावरणातील उष्ण व काहीशा मऊ दुर्बलावरणावरून वर्षाला काही सेंमी. इतक्या गतीने सरकतात.

पूर्वपीठिका : अटलांटिक महासागराच्या दोन्ही किनाऱ्यांच्या आकारांतील जुळणी आब्राहाम ऑर्टेलियस यांनी १५९६ मध्येच नमूद केली होती. तीमागील कारणाची सुसंगत मांडणी प्रथम जर्मन वातावरणवैज्ञानिक आल्फ्रेट व्हेगेनर यांनी १९१२ मध्ये केली व १९१५ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. सर्व खंडे पूर्वी एकत्र होती व नंतर ती विलग झाली, हा त्यांचा खंडविप्लवाचा विचार होय. ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीचे जीवाश्म आणि प्राचीन हिमानी निक्षेप दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत व ऑस्ट्रेलिया येथे आढळतात. ओडिशातील तालचेर येथील गोलाश्मांचा थर हे अशा निक्षेपांचे प्रसिद्ध उदाहरण आहे. दक्षिणेकडील या खंडसमूहाचे गोंडवनभूमी हे नावही गोंडांच्या प्रदेशावरून पडले आहे. मात्र खंडे हलविण्यास पुरेसे बल व्हेगेनर दाखवू शकले नाहीत. हॅरल्ड जेफ्रिझ यांच्यासारख्या भूभौतिकीविज्ञांनी याच मुद्यावर ही कल्पना त्याज्य ठरविली. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेत व्हेगेनर मृत्यू पावले, तेव्हा ती उपेक्षितच होती. प्रावरणातील अभिसरण प्रवाह खंडांना वाहून नेत असावेत, हा आर्थर होम्स यांचा तर्कही त्या काळी फारसा विचारात घेतला गेला नाही.

नवा पुरावा : लाव्हा थिजताना त्यातील चुंबकीय खनिजे तत्कालीन भूचुंबकीय क्षेत्राची दिशा जतन करतात. क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये दख्खन ट्रॅप खडकांच्या अशा अभ्यासावरून, हे खडक बनले तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात होता, असे दाखविले. महासागरांच्या मधोमध असलेल्या कटकांपाशी नवा तळ निर्माण होऊन दोन्ही बाजूंना सरकतो, हे गृहीतक हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. कटकाच्या दोन्ही अंगांना आढळणाऱ्या समांतर चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ व्हाइन व मॅथ्यूझ यांनी १९६३ मध्ये याच आधारे लावला. टूझो विल्सन यांनी १९६५ मध्ये रूपांतरण विभंगांची कल्पना मांडली. १९६७-६८ मध्ये मॅकेन्झी व पार्कर, मॉर्गन आणि ल पीशाँ यांनी पट्टांच्या गतीला गणिती रूप दिले. खंडे सागरतळातून वाट काढीत नसून पट्टाचा भाग म्हणून वाहिली जातात, हे उमगताच जुन्या आक्षेपाचा आधारच नाहीसा झाला.

भारतीय पट्ट : दख्खनचे लाव्हा थर सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी साचले. पुढे सु. ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय पट्ट यूरेशियास भिडू लागला व त्यातून हिमालय उभा राहिला. ही गती आजही चालू असल्याचे उपग्रहांद्वारे केलेल्या मापनांनी सिद्ध झाले आहे.

मर्यादा : पट्टसीमांवरील भूकंपांचा उलगडा या सिद्धांताने चांगला होतो; पट्टाच्या अंतर्भागातील भूकंपांचा मात्र तितकासा होत नाही. दक्षिणेचे पठार दीर्घकाळ स्थिर मानले जात होते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जलाशयालगत झाला, तर ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात सात हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेथील दगडमातीच्या भिंती व जड माळवदे कोसळल्यामुळे प्राणहानी वाढली. पट्टाच्या सीमेपासून दूर असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, म्हणून अंतर्भागातही भूकंपरोधक बांधकाम आवश्यक ठरते.