सोळा घरे आणि एक उशीर

पादाकुलकाच्या चरणात १६ मात्रा, त्रितालाच्या आवर्तनात १६ मात्रा, आणि १९८० साली आलेल्या रोलँड टीआर-८०८ ह्या तालयंत्रावर १६ बटणांची ओळ! ह्या योगायोगाने हुरळून जाण्याचे कारण नाही. त्रितालात मात्रा हेच मोजण्याचे एकक. यंत्रावर ठोके चारच असतात आणि प्रत्येकाचे चार समान भाग केल्याने १६ घरे होतात. ज्या घराचे बटण दाबावे तेथे आघात वाजतो. प्रश्न आहे तो दोन घरांच्या मधल्या जागेचा.

त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर लिन ह्याने एलएम-१ हे यंत्र आणले. खऱ्या ढोलांचे ध्वनी साठवून वाजवणारे हे पहिले तालयंत्र. वाजवणाऱ्याचा हात मागेपुढे पडला, तर आघात जवळच्या घरात आपोआप सरकवण्याची सोय त्यात होती. लिनला ती योगायोगानेच गवसली होती. परंतु त्याच यंत्रात त्याने ‘स्विंग’चीही व्यवस्था ठेवली. दोन घरांची जोडी धरावी, जोडीचा एकूण काळ कायम ठेवावा, आणि त्यातला दुसरा आघात किंचित उशिरा पाडावा, एवढेच तिचे स्वरूप.

पुढे १९८८ साली लिननेच रचलेल्या अकाई कंपनीच्या एमपीसी-६० मध्ये एका ठोक्याचे ९६ सूक्ष्म भाग झाले. म्हणजे एक घर २४ भागांचे, जोडी ४८ भागांची. स्विंग ५० टक्के असेल तर विभागणी २४ आणि २४, म्हणजे दोन लघू. ६६ टक्क्यांवर ती होते ३२ आणि १६. छंदःशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे: हे प्रमाण दोनास एक आहे, म्हणजे गुरूनंतर लघू! आणि ५४ टक्के? सुमारे २६ आणि २२. ह्या अक्षरजोडीला आपल्या शास्त्रात खूणच नाही.

वर्गात आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लघुगुरूंच्या खुणा मांडत आलो, आणि जात्यावरची ओवी त्यांत बसेना की ‘ओवीचे बंधन सैल असते’ असे सांगून मोकळे होत आलो. हे उत्तर आता आम्हांलाच अपुरे वाटते. दळणारी बाई अक्षर लांबवते ते जात्याच्या फेऱ्याला धरून. त्या लांबवण्याला माप आहे. आमच्याकडे मोजपट्टी नव्हती, इतकेच.

डेट्रॉइटचा जे डिला (१९७४–२००६) ह्याने यंत्रातली दुरुस्तीची सोय बंद करून हाताने ताल वाजवला, अशी त्याची ख्याती आहे. डॅन चार्नास ह्यांनी २०२२ च्या ‘डिला टाइम’ ह्या ग्रंथात ही समजूत अपुरी ठरवली. डिला यंत्राच्याच सोयी वापरून निरनिराळे ध्वनी निरनिराळ्या प्रमाणात पुढेमागे सरकवी. एका वाद्याची घरे समान, दुसऱ्याची विषम, आणि दोन्ही एकाच वेळी वाजत.