ग्रामीण गृहदुरुस्ती साहाय्य, अमेरिका (कलम ५०४)

अमेरिकेच्या ग्रामीण भागातील अत्यल्प उत्पन्नाच्या घरमालकांना घरदुरुस्तीसाठी कर्ज व वृद्धांना अनुदान देणारी केंद्र सरकारच्या कृषी खात्याची योजना. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यातील कलम ५०४ हा तिचा आधार. घरांची योजना कृषी खात्याकडे कशी, असा प्रश्न पडेल. या कायद्याचा पाचवा भाग मुळात शेतकऱ्यांच्या घरांसाठी होता आणि तो त्याच खात्याकडे सोपवला गेला. शहरांना ही योजना लागू नाही. तेथील अनेक नगरपालिका १९७४ च्या कायद्यान्वये मिळणाऱ्या केंद्रीय विकासनिधीतून अशी दुरुस्ती करून देतात.

अर्जदार स्वतः त्या घरात राहणारा हवा, उत्पन्न त्या भागातील मध्यक उत्पन्नाच्या निम्म्याहून कमी हवे आणि परवडणारे कर्ज त्याला अन्यत्र मिळत नसावे. कर्ज ४०,००० डॉलरपर्यंत, व्याज १ टक्का, मुदत २० वर्षे. पूर्ण रक्कम घेतली तरी महिन्याचा हप्ता सुमारे १८४ डॉलर बसतो. कर्जाला वयाची अट नाही. अनुदान मात्र ६२ वर्षे पूर्ण झालेल्यांनाच, आणि तेही हा हप्ता झेपत नसेल तरच. थोडाफार झेपत असेल, तर दोन्ही एकत्र देतात : छपराला १६,००० डॉलर लागणार असतील, तर १०,००० अनुदान आणि उरलेल्या ६,००० चे कर्ज, म्हणजे महिना सुमारे २८ डॉलर.

कर्जातून घराची सुधारणाही करता येते. अनुदान आरोग्याला वा जिवाला असलेला धोका दूर करण्यापुरतेच : गळके छप्पर, उघड्या पडलेल्या विजेच्या तारा, घर उबदार ठेवणारी पण बंद पडलेली भट्टी (तिच्यावाचून तिथला हिवाळा निघत नाही). घरातल्या अपंग व्यक्तीसाठी उतरता मार्ग (रॅम्प) बांधणेही त्यात बसते. निव्वळ शोभेची कामे बसत नाहीत. तीन वर्षांच्या आत घर विकल्यास अनुदान परत करावे लागते.

मालकीचा पुरावा लागतो. दक्षिणेकडील राज्यांत पिढ्यान्‌पिढ्या वारसनोंद न झालेली घरे पुष्कळ असल्याने गरजू वृद्धांची गाडी बरेचदा इथेच अडते. अर्ज वर्षभर घेतले जातात, पण पैसा अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) वार्षिक तरतुदीतून येतो. तो संपला की थांबणे आले.

अनुदानाची मर्यादा पूर्वी ७,५०० डॉलर होती, पुढे ती १०,००० झाली. ही रक्कम आयुष्यभरासाठी आहे. पासष्टीत छपरावर ती खर्च झाली की ऐंशीव्या वर्षी बिघडलेल्या वायरिंगला या योजनेत कर्जाखेरीज काही उरत नाही. योजनेतला सर्वांत मोठा दोष हाच.