त्रयोदशीची दुपार

३० ऑगस्ट १७७३, सोमवार. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. पुण्यात गणपती बसलेले, उद्या अनंत चतुर्दशी. पेशवा नारायणराव वीसच दिवसांपूर्वी अठरा वर्षांचा झाला आहे आणि गादीवर येऊन त्याला जवळपास नऊ महिने झाले आहेत. चुलता रघुनाथराव याच शनिवारवाड्यात नजरकैदेत आहे. थेऊरला मरणाच्या दारी असताना थोरल्या माधवरावांनी धाकट्या भावाचा हात याच काकाच्या हातात दिला होता. पुतण्या तापट, काका अस्वस्थ, आणि दोघांच्या मध्ये पहाऱ्याचे शिपाई.

खाली दिलेल्या वेळा अंदाजाच्या आहेत. बखरकार प्रहर सांगतात, मिनिटं सांगत नाहीत.

सकाळ

गारद्यांमध्ये चुळबुळ सुरू आहे. गारदी म्हणजे कवायती पायदळ; पगारावर लढणारं आणि पगार थकला की धन्यावरच उलटणारं. सुमेरसिंग, खरगसिंग आणि महंमद इसाफ हे त्यांचे म्होरके. थकलेल्या पगाराची तक्रार खरी होती, म्हणूनच ती आड धरायला सोयीची होती. रघुनाथरावाच्या माणसांशी त्यांचं संधान आधीच जुळलं होतं. काकाला सोडवायचं आणि पुतण्याला धरायचं, इतकं तरी नक्की ठरलं होतं. धरायचं की मारायचं, यावर अडीचशे वर्षं वाद चालू आहे. ‘ध’चा ‘मा’ करणाऱ्या आनंदीबाईंची, म्हणजे रघुनाथरावाच्या पत्नीची, गोष्ट मराठी शाळेत न ऐकलेला माणूस सापडायचा नाही. ती रंजक आहे, पण माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही. सगळा दोष एका अक्षरावर आणि एका बाईवर टाकला की बाकीचे किती सहज सुटतात!

दहाच्या सुमारास

नारायणराव पर्वतीवर दर्शनाला जातो. काहीतरी शिजतंय, ही कुणकुण त्याच्या कानावर आली आहे. तो हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगतो. हरिपंत हो म्हणतात.

दुपारी बाराच्या आसपास

हरिपंत जेवायला जातात. इतिहासकार ग्रँट डफने हे नोंदवून ठेवलं आहे, आणि एवढ्या मोठ्या घटनेत हीच नोंद मला सगळ्यात जास्त बोचते. हरिपंत फितूर नव्हते. पुढे याच माणसाने नारायणरावाच्या मुलासाठी वर्षानुवर्षं लढाया केल्या. त्या दिवशी त्यांना वाटलं, जेवण उरकून मग बघू. सणाचे दिवस, पंगतीचं आमंत्रण.

वाड्यात नारायणरावही जेवून आडवा होतो.

एकच्या सुमारास

रघुनाथरावाच्या राहत्या भागाला पेशव्यापेक्षा वेगळी वाट हवी म्हणून वाड्याची भिंत नुकतीच पाडली होती आणि नव्या दरवाजाचं काम अर्धवट होतं. कैदी काकाला आपल्यापासून वेगळं ठेवायला काढलेल्या त्या वाटेनेच गारदी आत शिरतात. अडवणारे कारकून आणि शिपाई कापले जातात. त्यात इच्छाराम ढेरे पडतात. एक गायही मारली जाते.

गडबडीने जागा झालेला नारायणराव पार्वतीबाईंच्या दालनाकडे धावतो. पार्वतीबाई म्हणजे पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंची पत्नी. भाऊ जिवंत आहेत या विश्वासावर त्यांनी बारा वर्षं वैधव्य पत्करलेलं नाही. त्या त्याला काकाकडेच पाठवतात. त्या घडीला दुसरं कोण काय सांगणार होतं? घरात थोरलं माणूस तेवढं एकच होतं.

सव्वा ते दीड

रघुनाथराव पूजेत आहे. नारायणराव त्याला मिठी मारून जीव मागतो. “काका, मला वाचवा” ही आरोळी आज पर्यटकांना भुताची गोष्ट म्हणून ऐकवतात. रघुनाथरावाचा नोकर तुळाजी पवार त्याला ओढून बाजूला काढतो. चापाजी टिळेकर हा सेवक धन्याच्या अंगावर पडून वार झेलतो, तोही मरतो. म्हातारे नारोबा फाटक मध्ये पडतात, तेही जातात. सुमेरसिंगाचे वार चालूच राहतात.

अर्ध्या तासात अकरा माणसं मेली: पेशव्यासह सात ब्राह्मण, दोन मराठा सेवक आणि दोन कुणबिणी. कुणबिणींची नावं मात्र सांगितली जात नाहीत.

दुपार ते संध्याकाळ

वाड्याचे दरवाजे बंद. गावात धावपळ. सखारामबापू बोकील आणि इतर कारभारी कोतवाल चावडीवर जमतात. आत काय झालंय ते सगळ्यांना कळलंय, आता काय करायचं ते कुणालाच सुचत नाही. पेशव्यांच्या घरात प्रौढ पुरुष एकच उरला आहे, आणि तो रघुनाथराव.

त्याच घरात अठरा वर्षांच्या पेशव्याची विधवा आहे. गंगाबाई, माहेरच्या साठे. पुढे झालेल्या मुलाच्या जन्मतारखेवरून हिशेब मांडला तर त्या दिवशी गर्भ जेमतेम पाच आठवड्यांचा होता. कारभाऱ्यांना ठाऊक नाही, मारेकऱ्यांना नाही, गंगाबाईंनाही खात्री असेल असं वाटत नाही. असं सांगतात, की त्या सती जायला निघाल्या होत्या आणि आनंदीबाईंनी त्यांना खोलीत कोंडलं. हे खरं असेल, तर पेशवाईचा वारस त्या दिवशी वाचला तो शत्रूच्या घरच्या कडीमुळे.

मध्यरात्र

त्रिंबकराव पेठे मुठेच्या काठी गुपचूप अंत्यसंस्कार उरकतात. प्रेत ज्या दरवाजातून नेलं म्हणतात, त्याला पुढे नारायण दरवाजा हे नाव पडलं.

तासांचा हिशेब इथे संपतो, पुढचा महिन्यांचा आहे. रघुनाथराव पेशवा झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून त्याला तोंडावर दोषी ठरवलं आणि पुणं सोडलं. रघुनाथराव स्वारीवर बाहेर पडल्यावर सखारामबापू, नाना फडणवीस, हरिपंत, त्रिंबकराव आणि इतरांचं बारभाईंचं कारस्थान उभं राहिलं. त्याचं सगळं भांडवल एका पोटात होतं. जानेवारी १७७४ मध्ये गंगाबाई आणि पार्वतीबाई यांना पुण्यातून काढून पुरंदरावर नेलं. मुलगी झाली तर? या भीतीने आणखी काही गरोदर ब्राह्मण बायका गडावर आणून ठेवल्या, अशी वदंता होती. तिच्यावर विरोधकांनी पुढे बरंच राजकारण केलं. मार्चअखेरीस पंढरपूरजवळ कासेगावला रघुनाथरावाने त्रिंबकरावांचा पराभव केला. पुतण्याची चिता रचणारा माणूस त्या जखमांनीच गेला. १८ एप्रिलला पुरंदरावर मुलगा झाला. चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावाला २८ मे रोजी पेशवाईची वस्त्रं मिळाली.

भोकरदन तालुक्यातल्या आमच्या धावड्याहून पुणंच लांब, नॉर्वेचं तर विचारू नका. पण निल्स गाउप यांचा ‘बिर्केबाइनेर्ने’ हा २०१६चा नॉर्वेजियन सिनेमा पाहताना मला पुरंदरच दिसत राहिला. तिथला राजा तिसरा होकून १२०४च्या पहिल्याच दिवशी मेला. सावत्र आईने विष घातल्याचा बोभाटा झाला. त्याचा मुलगा बापामागे जन्मला. १२०६च्या हिवाळ्यात दोन योद्ध्यांनी त्या बाळाला शत्रूंपासून वाचवायला उराशी धरून लिलेहामरहून बर्फाळ डोंगर स्कीवर पार केले. आजही तिथे त्या वाटेवरच्या शर्यतीत स्पर्धक पाठीवर साडेतीन किलोचं ओझं वाहतात, बाळाच्या वजनाची आठवण म्हणून. सिनेमाला पळापळ लागते, म्हणून त्यांनी बर्फ निवडला. आपल्याकडचा पाठलाग जास्त कागदी होता. तो पत्रांतून, खलबतांतून आणि पालख्यांतून चालला. त्यावर सिनेमा काढायचा तर दिग्दर्शक कसलेला हवा.

दोन्हीकडे खरा प्रश्न जगण्यावाचण्यानंतर आला: हे पोर नक्की त्याचंच का? नॉर्वेत १२१८ साली बाळाची आई इंगा हिने तापलेलं लोखंड हातात धरून दिव्य केलं, आणि तिचा मुलगा १२६३पर्यंत राजा राहिला. गंगाबाईंपुढे असं दिव्य कुणी ठेवलं नाही. त्यांच्या मुलाबद्दलची शंका रघुनाथरावाने इंग्रजांच्या कानी घातली, आणि मार्च १७७५च्या सुरतेच्या तहाने इंग्रज या घरगुती भांडणात उतरले. गंगाबाई १७७७ साली गेल्या. १७८२च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी रघुनाथरावाची बाजू सोडली, तेव्हा गादीवरचं पोर आठ वर्षांचं होतं.

त्या पोराला पुढे मूल झालं नाही. १७९५च्या ऑक्टोबरात त्याच शनिवारवाड्यात उंचावरून पडून तो गेला आणि गादी रघुनाथरावाच्या मुलाकडे, दुसऱ्या बाजीरावाकडे आली. १८०२च्या अखेरीस बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांना तो मान्य नव्हता. त्यांच्या फौजांचे तळ भोकरदनच्या आसपास पडले, आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी आमच्याच जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असईला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या स्कॉटिश पलटणी त्यांच्या तोफांवर चालून गेल्या.