नळीतून औषध : दोन इतिहासांची गाठ

बारवी धरणातून सोडलेले पाणी उल्हास नदीतून जांभूळपर्यंत येते. तेथे औद्योगिक विकास महामंडळ ते उचलून शुद्ध करते आणि पुढे ते उल्हासनगर, अंबरनाथकडच्या नळांना पोचते. त्यातलेच वाटीभर पाणी उकळून, गार करून एखाद्या घरी सिरिंजमध्ये भरले जाते. पक्षाघाताने ज्यांचे गिळणे बंद झाले आहे, अशा आजोबांच्या नाकातून जठरापर्यंत गेलेल्या नळीत औषधाच्या आधी आणि नंतर ते सोडायचे असते. धरणापासून निघालेल्या पाण्याची ही शेवटची नळी बाहेरून जेमतेम पाच मिलिमीटर जाडीची असते.

तिच्या वेष्टनावर १४ किंवा १६ असा आकडा दिसतो. पॅरिसचा उपकरणकार शारिएर याने एकोणिसाव्या शतकात रूढ केलेले हे माप. आकड्याला ३ ने भागले की बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. आतली पोकळी त्याहून लहान. शिवाय पॉयसीयच्या नियमानुसार, दाब तोच ठेवून त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह सोळा पटींनी घटतो. गोळीचा भुगा आत चिकटला की नळी का तुंबते, हे यावरून समजते.

अशा नळीतून औषध देण्याची कल्पना जुनी आहे. लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७९० मध्ये गिळता न येणाऱ्या एका रुग्णासाठी देवमाशाच्या तोंडातील लवचीक पट्टीवर ईल माशाचे कातडे चढवून नळी केली. रुग्ण बरा झाला. १७९३ मध्ये छापलेल्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच अन्न आणि औषधे असे दोन्ही शब्द आहेत.

आपल्याकडे या नळीला सर्रास ‘राईल्स ट्यूब’ म्हणतात. गंमत अशी, की जॉन राईल यांनी १९२१ मध्ये ती सुचवली ती जठररस बाहेर काढून तपासण्यासाठी. (रेडिओ-खगोलशास्त्रासाठी १९७४ चे नोबेल मिळवणारे मार्टिन राईल हे त्यांचे चिरंजीव.) बाहेर काढण्याची नळी आत घालण्याच्या कामाला लागली.

गोळीचा इतिहास मात्र वेगळ्याच दिशेने गेला. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ उन्ना यांनी १८८४ मध्ये केराटिनचे आवरण असलेल्या गोळ्या आणल्या. त्या जठरात न विरघळता आतड्यात विरघळाव्यात, हा हेतू. १९५२ मध्ये अमेरिकेत ‘स्पॅन्स्यूल’ आली. कॅप्सूलमधल्या बारीक दाण्यांवर कमीअधिक जाडीचे लेप देऊन औषध तासन्‌तास झिरपत ठेवण्याची ही युक्ती. दोन्ही शोध गृहीत धरतात, की माणूस गोळी अख्खी गिळेल. घरात आपण तीच गोळी खलबत्त्यात कुटतो तेव्हा सत्तर वर्षांची ही सगळी कारागिरी एका घावात संपते. पहिल्या प्रकारात औषध जठरातल्या आम्लात वाया जाते किंवा जठराला इजा करते. दुसऱ्या प्रकारात दिवसभराची मात्रा एकदम रक्तात उतरते, आणि रक्तदाबाच्या काही औषधांबाबत हे जिवावर बेतू शकते. म्हणून कुटण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारावे. पुष्कळदा त्याच औषधाचे द्रवरूप मिळते. अनेक औषधे एकत्र कालवूही नयेत. एकेक द्यावे, मध्ये पाणी सोडावे. फिट्‌सवरचे फेनिटॉइन तर नळीतल्या आहाराबरोबर दिले की नीट शोषले जात नाही.

आणि नळी जठरातच आहे कशावरून? पूर्वी सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप ठेवत, किंवा ओढून काढलेला द्रव निळ्या लिटमसवर टाकत. २००५ मध्ये ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा संस्थेने दोन्ही रीती बंद करायला सांगितल्या. लिटमस फक्त ‘आम्ल’ एवढेच सांगतो, किती ते नाही. श्वासनलिकेतला किंचित आम्ल स्रावही त्याला फसवू शकतो. त्याऐवजी पीएच पट्टी वापरतात, ५.५ किंवा त्याहून कमी आकडा आला तर नळी जठरात आहे असे मानतात. मात्र रुग्णाला आम्ल कमी करणारे औषध त्याच नळीतून चालू असेल तर पट्टीवरचा आकडा चढलेला दिसतो. अशा वेळी नळीत काहीही न सोडता रुग्णालय गाठून एक्स-रे काढावा लागतो.