जळालेला रोधक आणि गळका कंडेन्सर

मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. कालांतरानें तो आवाज पूर्व व पश्चिम खानदेशांत, म्हणजे आजच्या जळगांव-धुळे भागांतही पोहोंचला. मात्र वॉल्व्हच्या त्या यंत्रांना खानदेशचा उन्हाळा मानवणारा नव्हता. उष्णतेनें फिल्टर कंडेन्सरमधील द्रव सुके आणि गाण्याखालीं अखंड घुमघुम सुरू होई.

याहून फसवा दोष निराळाच. यंत्राची पाठ उघडतांच काळवंडलेला रोधक दिसे. नवशिका तोच बदली, आणि घटकाभरांत नवाही जळे. दोन वॉल्व्हांमधील मेणकागदी कंडेन्सर गळूं लागला, म्हणजे पुढील वॉल्व्हच्या ग्रिडवर धन दाब चढतो, प्रवाह बेसुमार वाढतो आणि वाटेंतला निरपराध रोधक होरपळतो. अशा चुकीच्या निदानानें चांगलें यंत्र मोडींत जाई. जाणता कारागीर प्रथम मीटरनें ग्रिडवरील दाब मोजी, कंडेन्सरचें एक टोंक सोडवी आणि पुन्हां मोजी. दाब नाहींसा झाला कीं चोर सांपडला.

डिसेंबर १९४७ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मला आणि पुढें वॉल्व्हचें राज्य सरलें. न्याय मात्र तोच राहिला: जळालेला भाग पुष्कळदां केवळ साक्षीदार असतो, अपराधी मोजूनच ओळखावा.