खंडणी आणि भरपाई

युद्ध संपले की हिशेब सुरू होतो. पण तो कोणाचा? जुन्या काळी उत्तर सोपे होते: जेत्याचा. १८७१ साली जर्मनीने पराभूत फ्रान्सकडून पाच अब्ज फ्रँक घेतले. पुढे व्हर्सायच्या तहाच्या आधारे १९२१ साली जर्मनीवरच १३२ अब्ज सुवर्णमार्कांचा बोजा पडला. येथे भाषा भरपाईची होती. परंतु राज्याने मागावयाचे, राज्याने द्यावयाचे. ज्याचे घर जळाले, तो या व्यवहारात दूर उभा. हिला आम्ही सुधारलेली खंडणीच म्हणू.

१० सप्टेंबर १९५२ रोजी लक्झेंबर्ग येथे निराळीच गोष्ट घडली. गुन्हा घडला तेव्हा जे राज्य जन्मलेही नव्हते, त्या इस्रायलला तीन अब्ज मार्क देण्याचे पश्चिम जर्मनीने मान्य केले. शिवाय ज्यू संस्थांच्या परिषदेला ४५ कोटी. त्याआधी जानेवारीत इस्रायलच्या संसदेत या प्रश्नावर रण माजले होते. मृतांच्या रक्ताचे मोल घ्यावयाचे काय, असा एका पक्षाचा सवाल. लूट लुटारूच्याच घरी राहू द्यावी काय, असा दुसऱ्याचा. वाटाघाटींचा मार्ग ६१ विरुद्ध ५० मतांनी मोकळा झाला. दोन्ही सवाल खरे होते, असे आम्हांस वाटते.

तथापि पीडित कोणास म्हणावे, हे देणाराच ठरवू लागला की न्याय लंगडा होतो. १९५६ साली पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने, १९४३ पूर्वीचा रोमा लोकांचा छळ वंशद्वेषमूलक नव्हता, असे ठरविले. ही चूक १९६३ साली सुधारली गेली. पण तोवर अनेकांचे दावे फेटाळले गेले होते. वेठबिगारीत राबलेल्यांना तर २००१ पर्यंत थांबावे लागले. तेव्हा सोळा लाखांहून अधिक लोकांना रकमा मिळाल्या. पण कित्येक जण त्याआधीच मातीआड झाले होते.

म्हणूनच १६ डिसेंबर २००५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारलेली तत्त्वे आम्हांस मोलाची वाटतात. भरपाई हा पीडिताचा हक्क आहे, असे ती सांगतात. हिरावलेले परत करणे, नुकसानीचा मोबदला, पुनर्वसन, सत्याची जाहीर कबुली आणि पुन्हा तसे न घडण्याची हमी, अशी तिची पाच अंगे आहेत. ही तत्त्वे राज्यांवर कराराप्रमाणे बंधनकारक नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

गेलेला माणूस पैशाने परत येत नाही. परंतु मागे उरलेल्याने हात पसरावा की हक्काने दार ठोठवावे, यात अंतर आहे. ते अंतर तोडावयास माणसाला दोन महायुद्धे लागली, आणि वाट अजून सरलेली नाही.