सुरतेचा व्यापारी आणि खानदेशचा विणकर

दुकानांत मांडलेला माल गिऱ्हाइकाला दिसतो, पण तो तेथवर आला कसा, हा विचार त्याच्या मनांत सहसा येत नाहीं. व्यापाऱ्याला मात्र विक्रीच्या आधीं खरेदीची चिंता असते. माल कोणाकडून घ्यावा, तो नमुन्याबरहुकूम येईल काय, वेळेवर पोहोंचेल काय, आणि वाटेंत बुडाला तर नुकसान कोणाचें, हे चार प्रश्न ज्याला सुटले नाहींत, त्याचें दुकान फार दिवस चालत नाहीं. आज जळगांव किंवा धुळें येथें घरबसल्या इंटरनेटवर साड्या व तयार कपडे विकणाऱ्यांपुढें हेच प्रश्न आहेत. आणि साडेतीनशें वर्षांपूर्वीं याच खानदेशांत कापड शोधीत आलेल्या परदेशी व्यापाऱ्यांपुढेंहि तेच होते.

मोगल अमदानींत खानदेश सुभ्याचें मुख्य ठाणें बऱ्हाणपूर हें होतें. सुरतेच्या बंदरापासून नवापूर, नंदुरबार या वाटेनें बऱ्हाणपूरला आणि तेथून पुढें आग्ऱ्यास मार्ग जात असे. सतराव्या शतकाच्या मध्यास या वाटेनें गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये सांगतो कीं, बऱ्हाणपूरचें तलम पांढरें कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान व कैरो येथवर जात असे. कापूस, विणकर आणि बंदराची वाट या तिन्ही गोष्टी जेथें जुळल्या, तेथें गिऱ्हाईक आपण होऊन चालत आलें.

इंग्रजांच्या कंपनीची वखार सुरतेस १६१३ सालीं स्थापन झाली. १६१५ सालीं इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो याने बऱ्हाणपुरास शहाजादा परवेझ याची भेट घेऊन तेथेंहि वखारीची परवानगी मागितली. परंतु परवानगी मिळाली म्हणजे माल मिळाला, असें नव्हे. परक्या माणसास ना भाषा ठाऊक, ना कोणत्या पेठेंत कोणतें कापड निघतें याची माहिती. म्हणून दलालाशिवाय त्याचें पान हलत नसे. दलालाच्या हातीं नमुन्याचा तुकडा दिला जाई. कंपनीच्या पत्रांत त्यास 'मस्टर' म्हणत. त्या तुकड्याशीं लांबी, रुंदी व पोत ताडून पाहून वखारींत माल निवडला जाई, आणि कमी प्रतीचा ठरलेला माल परत जाई किंवा त्याची किंमत तोडली जाई.

या व्यवहाराचें खरें मर्म मात्र आगाऊ रकमेंत होतें. तिला दादनी म्हणत. विणकराजवळ सूत विकत घेण्यापुरतेंहि भांडवल नसे, आणि विलायतेस जाणारीं जहाजें वाऱ्याच्या ऋतूप्रमाणें ठराविक वेळींच सुटत. म्हणून महिनोनमहिने आधीं उचल द्यावी लागे. उचलीनें माग चालू राही, पण विणकर बांधलाहि जाई. एकाची उचल अंगावर असतां दुसऱ्या चांगल्या गिऱ्हाइकास माल देण्याची त्यास मोकळीक उरत नसे. उलट, सूत महागलें किंवा विणकर गांव सोडून गेला, तर व्यापाऱ्याची रक्कम बुडे. दोघांचा गळा एकाच दोरींत अडकलेला होता.

याचा दारुण प्रत्यय १६३० ते १६३२ च्या दुष्काळांत आला. गुजराथ व खानदेश या दोन्ही प्रांतांवर तो कोसळला. १६३० च्या अखेरीस सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गें आग्ऱ्यास निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानें वाटेवर पडलेलीं प्रेतें पाहून त्यांचें वर्णन लिहून ठेवलें आहे. विणकर मेले, उरलेले परागंदा झाले, आणि सुरतेच्या वखारींत गांठी येईनाशा झाल्या. १६३५ सालीं कंपनीनें सिंधकडे खरेदी सुरू केली. मालाचें मूळ माणसांत असतें, गोदामांत नव्हे, हें त्या वेळीं दिसून आलें.

तरीहि खानदेशचा मोह सुटला नाहीं. आजच्या जळगांव जिल्ह्यांतील धरणगांव येथें बाफ्ता नांवाचें कापड चांगलें मिळे. तेथें १६७४ सालीं इंग्रजांची वखार होती. त्याच वर्षीं रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला होता. धरणगांव मोगली मुलुखांत असल्यामुळें १६७५ त मराठी फौजेनें तें लुटलें व त्यांत वखारहि सांपडली. १६७९ त पुन्हां तोच प्रसंग आला. इंग्रजांनीं महाराजांकडे भरपाई मागितली. वाटेंत माल बुडाल्यास नुकसान कोणाचें, हा चौथा प्रश्न येथें थेट राजदरबारापर्यंत गेला.

पुढें काळ पालटला. १८१८ त इंग्रजी अंमल आल्यावर कॅप्टन ब्रिग्ज यानें धुळें वाढीस लाविलें; घरांसाठीं जागा बिनभाड्यानें दिल्या आणि बांधकामास रकमाहि दिल्या. १८६० च्या दशकांत रेल्वे आली, अमेरिकन यादवीमुळें कापसाचा भाव चढला, आणि १८७० च्या दशकांत जळगांवांत सूत-कापडाची गिरणी निघाली. हातमागाचा विणकर मागें पडला. खानदेश कापडाऐवजीं कापूस धाडूं लागला.

आणि आज ओघ अगदीं उलटा वाहतो. पूर्वीं खानदेशचें कापड सुरतेस जाई. आतां सुरतेच्या कारखान्यांतील साड्या धुळें-जळगांवच्या दुकानांत येतात. त्या शोधणाऱ्याने जुन्या वखारवाल्यांचा अनुभव ध्यानांत ठेवावा. छायाचित्र पाहून भुलूं नये, कापडाचा तुकडा हातीं घ्यावा. आधीं थोडा माल मागवून नमुन्याशीं ताडावा. वाटेंतील नुकसानीचा करार आधींच करावा. एकाच पेढीवर सगळा भार टाकूं नये, कारण दुष्काळ सांगून येत नाहीं. आणि पुरवठा करणाऱ्याचे पैसे वेळेवर द्यावेत. तो जगला तरच आपली पेढी जगते.